माइकपासून एक वीत

भाईंदरमध्ये घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं असेल, तर माइकच्या किमती बघण्याआधी आपलं घर नीट ऐकावं. सकाळी बाजूच्या सोसायटीची पाण्याची मोटर, मग समोरच्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या, दहानंतर कुठल्या तरी मजल्यावर टाइल्स कापायचं मशीन, दुपारी ग्रिलवर घुमणारी कबुतरं, आणि गाळ्यांच्या भागात राहत असाल तर स्टीलची भांडी घडवणारी यंत्रं. नवरात्रात गरबा. पावसाळ्यात खिडकीवरची पत्र्याची शेड. आणि या सगळ्याच्या तळाशी, रात्रीचे मोजके तास सोडले तर अखंड, पश्चिम रेल्वे. मी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या बाजूला राहतो. गाडी खाडीच्या पुलाकडे निघाली की तिचा आवाज कानापेक्षा तळपायाला आधी कळतो. माइकलाही तो तसाच कळतो, जमिनीतून, स्टँडच्या पायातून वर चढत.

मी बरीच वर्षं अंधेरीत डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो. मीरा रोड आणि भाईंदरमध्ये आमच्या धंद्यातली माणसं पुष्कळ. काशीमिऱ्याकडे आणि घोडबंदर रस्त्याला मालिकांचे सेट आहेत, अंधेरी-गोरेगावची भाडी परवडत नाहीत, आणि लोकल आहेच. त्यामुळे कोरसला गाणारे, डबिंग करणारे, वाद्यवृंदात वाजवणारे अनेक जण दहिसर ओलांडून इकडे आले. 2020 च्या लॉकडाउनमध्ये स्टुडिओ बंद पडले आणि या सगळ्यांच्या बेडरूममध्ये एकेक माइक उभा राहिला. तेव्हापासून मी दोन कामं करतो. माझ्या खोलीत लोकांचे आवाज रेकॉर्ड करतो, आणि बोलावलं तर त्यांच्या घरी जाऊन त्यांचा कोपरा लावून देतो. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: "दादा, दहा हजारांत कोणता कंडेन्सर घेऊ?"

या प्रश्नाला नुसतं एक नाव सांगून मोकळं होता येतं. पण विचारणाऱ्याने पैसे साठवलेले असतात. कुणी बारशाला, लग्नाला गाऊन, कुणी शिकवण्या घेऊन. अशा पैशाला नुसतं नाव सांगणं मला पटत नाही. मी उलट विचारतो: कुणाचा आवाज, कोणत्या खोलीत, किती वाजता?

कंडेन्सर म्हणजे काय हे आधी समजलं पाहिजे, कारण त्याचे गुण आणि त्याचे त्रास एकाच ठिकाणाहून येतात. आत सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा असतो, काही मायक्रॉन जाडीचा, ढोलाच्या पानासारखा ताणलेला. त्याच्या मागे अगदी जवळ धातूची चकती. दोघांमध्ये विद्युतभार असतो. आवाजाने पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युतदाब बदलतो. ई. सी. वेंट या अमेरिकी संशोधकाने 1916 मध्ये हा माइक तयार केला. तत्त्व आजही तेच आहे. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसवर आपण 48 व्होल्टचं बटण दाबतो, ज्याला सगळे फँटम म्हणतात, ते याचसाठी. भजनी मंडळात किंवा गणपतीच्या मांडवात असतो तो डायनॅमिक माइक. त्यात पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकात हलतं. वेटोळ्याचं वजन पडद्यावर असल्याने बारीक, चपळ हालचाली त्यात थोड्या बोथट होतात. कंडेन्सरचा पडदा हलका, म्हणून श्वास, ओठ सुटण्याचा आवाज, मुरकीतली प्रत्येक पायरी तो उचलतो. तेवढ्याच प्रामाणिकपणे कबुतरही उचलतो.

पूर्वी हा माइक सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. नॉयमन या जर्मन कंपनीचा यू 47 आला 1949 मध्ये, यू 87 आला 1967 मध्ये. जगभरच्या मोठ्या स्टुडिओंनी तेच वापरले. यू 87 ची किंमत आजही लाखांत आहे. 1990 नंतर चीनमध्ये बनलेल्या कॅप्सूल, म्हणजे पडदा-चकतीच्या जोड्या, जगभर मिळू लागल्या आणि किमती कोसळल्या. आज एका माणसाच्या महिन्याच्या रेल्वे पासात नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या बचतीत कामाचा कंडेन्सर घरी येतो. ही फार मोठी गोष्ट आहे. इथल्या राई-मुर्धे गावांतल्या मुलाला आपलं गाणं ऐकवायला आता कुणाच्या स्टुडिओच्या दारात तासाच्या भाड्याचा हिशोब करत उभं राहावं लागत नाही.

पण स्वस्त झालेल्या कॅप्सूलमागे एक गोम आहे आणि ती मराठी गाणाऱ्याला विशेष नडते. बाजारातले बहुतेक स्वस्त मोठ्या पडद्याचे माइक नॉयमनच्या के 67 या जुन्या कॅप्सूलच्या नमुन्यावर बेतलेले असतात. ही कॅप्सूल मुळातच वरच्या पट्टीतले आवाज उठावदार देते. नॉयमनच्या स्वतःच्या माइकमध्ये पुढचं सर्किट तो उठाव खाली आणतं. नक्कल करणाऱ्या अनेकांनी कॅप्सूल घेतली, पण ते सर्किट घेतलं नाही. परिणाम असा की माइक पहिल्यांदा ऐकताना फार लखलखीत वाटतो. दुकानात मन जिंकतो. घरी आल्यावर 'स', 'श' टोचू लागतात. आपल्याकडे तर 'चाळ', 'जाड', 'झटकणे' यांतले दाताला लागून येणारे च, ज, झ आहेत, त्यांचा फवारा नेमका त्याच उठलेल्या भागात पडतो. त्यात भ आणि फ यांचे हवेचे झोत वेगळे. म्हणून इंग्रजी गाण्यांवर केलेल्या तुलना ऐकून मराठी आवाजासाठी माइक निवडू नये. मी चाचणीसाठी एक वाक्य ठरवलं आहे: "चाळीतल्या चुलत्याने जाड चादर झटकली, भाऊ फाटकापाशी फुलं वेचत बसला." अर्थ काही खास नाही, पण या एका वाक्यात माइकची परीक्षा होते. हेडफोन लावून हे वाक्य ऐकताना डोळे आपोआप बारीक झाले तर तो माइक त्या आवाजाचा नाही.

त्या आवाजाचा नाही, असं म्हणतो, कारण वाईट माइक असं सरसकट नसतं. भरदार, थोड्या दबलेल्या आवाजाच्या माणसाला तोच लखलखीत माइक शोभून दिसतो. तार सप्तकात पातळ होणाऱ्या आवाजाला तो सोलून काढतो.

आता डब्यावरचे आकडे. यातला 'सेल्फ नॉइज' हा आकडा सगळ्यांना फार ओढतो. काहीही आवाज नसताना माइक स्वतः किती सरसरतो, ते हा आकडा सांगतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी 2020 चा आहे 20 डेसिबल, एटी 2035 चा 12, रोड कंपनीच्या एनटी 1-ए चा 5. कागदावर फरक मोठा दिसतो. आपल्या खोलीत तो किती उरतो हे बघू. रात्री दोन वाजता, पंखा बंद, खिडक्या बंद, तरी भाईंदरच्या फ्लॅटमध्ये 30 डेसिबलचा गुंजारव आहे असं धरा. दिवसा तो याहून बराच वर असतो. या 30 मध्ये माइकचे 20 मिळवले तर बेरीज होते 30.4. डेसिबलची बेरीज साधी नसते, म्हणून एवढीच. म्हणजे पाच डेसिबलवाल्या माइकसाठी ज्यादा मोजलेले पैसे आपल्या घराच्या आवाजात बुडतात. फक्त एक अपवाद मी मानतो. घराचा आवाज घरघरीचा, खालच्या पट्टीतला असतो, आणि माइकचा सरसरणारा. कुणी रात्री अगदी हळू आवाजात कथा वाचत असेल तर त्या घरघरीच्या वर ती सरसर वेगळी ऐकू येते. इंग्रजी ऑडिओबुकांच्या जगात शांततेची पातळी उणे 60 डेसिबलच्या खाली असावी असा दंडक आहे. मराठी वाचन करणाऱ्यांनीही तोच डोळ्यांसमोर ठेवावा. अशा वाचकाला मी कमी सरसरणारा माइक घ्यायला सांगतो, पैसे साठवून घे पण तोच घे म्हणतो. खुल्या गळ्याने गाणाऱ्याला नाही.

याउलट दुर्लक्षिला जाणारा आकडा असतो 80 हर्ट्झच्या बटणाचा. एटी 2035 वर ते आहे, एटी 2020 वर नाही, एनटी 1-ए वरही नाही. हे बटण 80 च्या खालचा भाग छाटतं. गाडीची घरघर, जमिनीतून येणारा धक्का, पंप, ट्रक हे सगळं बरंचसं तिथेच असतं आणि बायकांच्या, मुलांच्या, बहुतेक पुरुषांच्याही आवाजाचं तिथे काही काम नसतं. बटण नसेल तर नंतर सॉफ्टवेअरमध्ये छाटता येतं हे खरं. पण गेन लावतानाच ती घरघर गेली असेल तर नवख्या माणसाचा हात स्थिर राहतो. रेल्वेलाइनजवळ राहणाऱ्याने या बटणाला आणि माइकला झुलतं धरणाऱ्या चांगल्या शॉक माउंटला किंमत द्यावी. स्टँडच्या पायाखाली चौपदरी घडी घातलेली गोधडी ठेवली तर आणखी फरक पडतो. माझ्या स्टँडखाली ती कायम असते.

हजार-दीड हजारात ऑनलाइन एक संच मिळतो: माइक, कात्रीसारखा हलणारा स्टँड, फोमची टोपी, कधी छोटंसं मिक्सर. तो बहुधा इलेक्ट्रेट जातीचा असतो, म्हणजे पडद्यावरचा भार कायमचा भरून ठेवलेला. ही जात वाईट नाही. बेल लॅबमध्ये सेसलर आणि वेस्ट या दोघांनी 1962 मध्ये ती आणली आणि आपल्या मोबाइलपर्यंत ती पोचली. पण या संचातलं पुढचं सर्किट अगदी जेमतेम असतं आणि संगणकाच्या जॅकमधून मिळणाऱ्या तीन-पाच व्होल्टवर ते चालवलं की सरसर गाण्याच्या बरोबरीने ऐकू येते. रियाज ऐकायला ठीक. गाणं लोकांसमोर ठेवायला नाही. त्या हजार-दीड हजाराची गादी घ्या, असं मी सांगतो, आणि ते मनापासून सांगतो.

कारण खोली. आमच्याकडच्या वन-बीएचकेमधली बेडरूम साधारण दहा बाय दहा. दहा फुटांच्या दोन समांतर भिंतींमध्ये 56 हर्ट्झला हवा झुलू लागते, आणि त्याच्या दुपटीला, 112 ला, पुन्हा. 112 म्हणजे पुरुषाच्या बोलण्याचा नेहमीचा सूर. दोन्ही बाजू दहा फुटांच्या असल्या की दोघींचा दोष एकाच जागी चढतो. मग गाणाऱ्याचे काही स्वर खोलीत ढुमढुमतात आणि काही गायब होतात. माइक बदलून यात काही फरक पडत नाही. लोक भिंतीला इंचभर फोम चिकटवतात. त्याने फक्त वरचे सूर शोषले जातात, ढुमढुम तशीच राहते आणि आवाज कोंदट होतो. अंड्यांचे ट्रे चिकटवले असतील तर ते काढून टाका, त्यांनी काही होत नाही. कापसाची जुनी जाड गादी, पिंजून नवी भरून घेतली तर उत्तमच, गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी करावी. माइक समोरचं ऐकतो, म्हणून त्याला दिसणारी भिंत मऊ पाहिजे. बाजूला कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडं ठेवावं. खोलीच्या नेमक्या मध्यावर उभं राहू नये आणि भिंतीला चिकटूनही राहू नये. मी ज्या ज्या घरी कोपरे लावून दिले, तिथे सगळ्यात मोठा बदल गादी उभी केल्यावर झाला. त्यानंतर कित्येकांनी नवा माइक घ्यायचा विचार पुढे ढकलला.

पंखा मात्र बंद ठेवावाच लागतो. मे महिन्यात भाईंदरमध्ये पंखा बंद करून गाणं म्हणजे काय, हे खाडीकाठची दमट हवा माहीत असलेल्यांना सांगायला नको. छोटे टेक घ्या, मधे पंखा लावा, पाणी प्या. थकलेला गळा कोणताच माइक लपवत नाही.

अंतराचं शिक्षण हा माझ्या कामाचा सगळ्यात आवडता भाग आहे. आपले बहुतेक गायक मांडवात, मंदिरात, वाद्यवृंदात तयार झालेले. तिथे माइक ओठांना लावूनच गायचं असतं, नाहीतर ढोलकीत आवाज बुडतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. ती सवय तिथे बरोबरच आहे. घरी कंडेन्सरपुढे तसं गायलं की खर्ज फुगतो, कारण एका बाजूने ऐकणाऱ्या माइकच्या जवळ जावं तसा खालचा भाग वाढत जातो. भ-फ चे धमाके होतात ते वेगळेच. म्हणून वीतभर अंतर, म्हणजे आठ-नऊ इंच, आणि मधे माइकपासून चार बोटांवर पॉप फिल्टर. भरतकामाच्या रिंगवर पातळ नायलॉनचा मोजा ताणला तरी फिल्टर होतो. माइक तोंडाच्या रेषेपेक्षा किंचित वर, खाली बघणारा. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो, म्हणून दूर जाणारा गायक हळूहळू विहिरीत उतरल्यासारखा ऐकू येतो. तानेला वीतभर मागे, खर्जाला चार बोटं पुढे, ही ये-जा जमली की अर्धं मिक्सिंग गाणाऱ्यानेच केलेलं असतं.

डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज घेत नाही, म्हणून गोंगाटाच्या घरात तोच घ्यावा, असं पुष्कळ जण सांगतात. यात अर्धंच तथ्य आहे. तो कमी घेतो, कारण तो ओठांजवळ धरला जातो. कंडेन्सरइतकाच दूर ठेवला तर तोही खोली ऐकवतो. मात्र ज्याच्या घराला दिवसभर शांतता नाही, जो खड्या आवाजात गातो आणि जवळून गाण्यात तयार आहे, त्याने शूरचा एसएम 58 घ्यावा, हे मीही सांगतो. 1966 पासून तो माइक जवळजवळ तसाच बनतो आहे. हळू गाणाऱ्याला तो देऊ नये. त्याला गेन फार लागतो आणि स्वस्त इंटरफेसचा प्रीअँप तेवढ्या गेनला सरसरतो.

गेल्या काही वर्षांतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम एका धवलारिणीचं आहे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे बस निघाली की मुर्धे, राई, मोरवा, डोंगरी अशी गावं लागतात. मिठागरं, शेती, पुढे समुद्र. इथल्या आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या बायका, म्हणजे धवलारिणी, असतात. लग्नाचा एकेक विधी त्यांच्या गाण्यावर चालतो. एक बाई पुढे म्हणते, बाकीच्या मागून उचलतात. कागदावर काही नसतं, सगळं तोंडपाठ. अशा एका मावशींना त्यांची सून माझ्याकडे घेऊन आली. नातवाच्या लग्नाआधी सासूचे धवले जपून ठेवायचे होते. बरोबर मागून म्हणणाऱ्या दोघी होत्या.

मावशी खुर्चीवर बसेनात. जमिनीवर बसूनच गळा सुटतो म्हणाल्या, म्हणून स्टँड खाली उतरवला. हेडफोन कानाला लावला की आपलाच आवाज ऐकून त्या थबकत, म्हणून तो काढून टाकला. ताल धरायला काही वाजवायचंच नव्हतं, त्यामुळे हेडफोनची गरजही नव्हती. माझ्याकडे रेकॉर्डिंगसाठी त्या वेळी दोन माइक लावून ठेवलेले होते, एक महाग, एक साधारण किमतीचा. चाचणीचं वाक्य मी त्यांना म्हणायला लावलं नाही. लग्नातली हळद दळताना म्हणतात त्या धवल्यातल्या चार ओळी त्यांनी म्हटल्या. आवाज खडा, मोकळ्या अंगणात तीन घरांपलीकडे पोचायची सवय असलेला. महाग माइक लखलखीत होता, त्यात मावशींचा आवाज पत्र्यासारखा कडक झाला. साधारण किमतीच्या माइकचा वरचा भाग सपाट होता, त्यात तोच आवाज मातीच्या अंगणात बसला आहे असं वाटलं. मी तो ठेवला. अंतर वीतभर नाही, दीड हात ठेवलं, म्हणजे मागून म्हणणाऱ्या दोघी दोन बाजूंना बसून त्याच माइकमध्ये येतील. तिघींचा समतोल त्यांनी स्वतःच साधला, जन्मभर एकत्र म्हणत आल्यामुळे.

अडचण आली ती बांगड्यांची. हातभर काचेच्या बांगड्या आणि हात हलवत गायची सवय. कंडेन्सर प्रत्येक किणकिण टिपत होता. बांगड्या काढायला सांगणं माझ्या मनात आलं नाही, सवाष्ण बाईला ते सांगू नये. सुनेने आपली ओढणी फाडून दोन पट्ट्या केल्या आणि सासूच्या मनगटांना बांगड्यांवरून गुंडाळल्या. पहिला धवला झाल्यावर मी ऐकवला. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "यो माजाच आवाज हाय?" आणि लगेच मागच्या एकीला रागावल्या, कारण तिने एक ओळ उशिरा उचलली होती. तो धवला पुन्हा घेतला. संध्याकाळ होईपर्यंत काम चाललं. मधे गाड्या जात होत्या. तिघी गाताना गाड्या ऐकू आल्या नाहीत, दोन धवल्यांच्या मधे आल्या, तिथल्या मी कापल्या.

त्या दिवसानंतर किंमत आणि योग्यता यांचा संबंध लावायचं मी सोडून दिलं आहे.

माइक टिकवण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण इथली हवा कंडेन्सरची शत्रू आहे. पडदा आणि चकती यांच्यामधलं अंतर केसापेक्षा कमी. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवा आत बसली की भार गळू लागतो आणि माइक तडतडतो, मधेच फट्‌ करतो. खाडीजवळ आणि उत्तनच्या बाजूला हवेत मीठही आहे. माइक स्टँडवर महिनोन्‌महिने उघडा ठेवू नये. काम झालं की हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. पुड्यांचा रंग बदलला की त्या सुकवून घ्याव्या. माइक तडतडायला लागला तर तो बिघडला असं समजून लगेच फेकू नका. दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवून पुन्हा लावून बघा, पुष्कळदा तो पूर्ववत होतो. ज्या खोलीत उदबत्ती, धूप लागतो तिथे माइक झाकून ठेवावा. धुराची चिकट पुटं पडद्यावर बसली की ती घरी काढता येत नाहीत.

पैशांची वाटणी मी अशी सांगतो: जेवढे असतील त्यातले निम्म्याहून जास्त माइकवर घालू नका. बाकीच्यात 48 व्होल्ट देणारा साधा दोन चॅनलचा किंवा एका चॅनलचा इंटरफेस, बंद कानांचा हेडफोन, म्हणजे ट्रॅकचा आवाज बाहेर गळून माइकमध्ये शिरत नाही, धड केबल, न डुगडुगणारा स्टँड आणि गादी. यूएसबी माइक एकट्याने बोलणाऱ्याला पुरतो. गाणाऱ्याला पुढेमागे दुसरा माइक जोडायची वेळ येते, म्हणून मी इंटरफेसच्या बाजूचा.

खरेदीला भाईंदरहून थेट गाडी आहे. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची दुकानं, किंवा मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावावरचं फुर्टाडोस, जे 1865 पासून वाद्यं विकतं. नामांकित माइकच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत, म्हणून पक्कं बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आपला हेडफोन आपण न्यावा. दोन माइकची तुलना करताना दोघांचा आवाज सारख्या पातळीवर आणून मगच ऐकावं, कारण जो जरा मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो. अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा, मग बोलणं, मग सगळ्यात वरची ओळ, मग सगळ्यात खालची. शक्य असेल तर रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन घरी या, रात्री ऐका आणि मग ठरवा.

आणि आई, आजी, मुलगी, विद्यार्थी, ज्याचं गाणं रेकॉर्ड करायचं आहे त्याला दुकानात बरोबर घेऊन जा. माइक त्याच्या आवाजाला ऐकवून मगच विकत घ्या.